आक्काचं डावं मनगट

दौंडच्या कॉलेजात मी तीसेक वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. डॉपलरचा धडा आला की उदाहरण ठरलेलं असायचं: जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी चढी ऐकू येते, लांब जाणाऱ्या रेल्वेची उतरती. जंक्शनच्या गावातल्या मुलांना हे चटकन पटेल, असा पुस्तक लिहिणाऱ्यांचा अंदाज असावा. पण आमच्याकडे बहुतेक गाड्या थांबतात, आणि थांबण्याआधी गावाबाहेर सिग्नलला बराच वेळ विचार करत उभ्या राहतात. मुलं प्रामाणिकपणे सांगायची, "सर, शिट्टी तशीच वाटली." मी म्हणायचो, परीक्षेत असं लिहू नका. हा परिणाम स्वतःच्या कानांनी नीट ऐकायला मला निवृत्त व्हावं लागलं. तो ऐकू आला शिरूरच्या बाजारपेठेतल्या एका सोनोग्राफी केंद्रात, माझ्या थोरल्या बहिणीच्या मनगटातून.

आक्का न्हावऱ्याला दिलेली. गावाबाहेर त्यांची वस्ती आहे: दोन भाऊ, दोन घरं, दोन चुली आणि मधे एकच अंगण. थोरल्या भावाची बायको आक्का. धाकट्याच्या बायकोला सगळे 'धाकटी'च म्हणतात, तिलाही आता नातू व्हायची वेळ आली तरी. या दोघी जावा एका अंगणात पस्तीस वर्षं राहिल्या, आणि त्यातली तीस वर्षं त्यांनी एकमेकींच्या उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता काढली. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. वाटणीच्या वेळी एक गोठा कुणाकडे जावा यावरून काही बोलणं झालं होतं. गोठा पडला, त्या जागी नवा झाला, बोलणं तेवढं टिकलं. बोलायच्या त्या अंगणात. दळण, पाणी, पाव्हणे, गाईचं विणं, सगळं अंगणातच उभ्याउभ्या.

साखरेनं आक्काच्या किडन्या खाल्ल्या, हे कळायला आम्हाला उशीर झाला. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ती शिरूरला डायलिसिसला जाते. त्यासाठी तिच्या डाव्या मनगटात एक छोटं ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडून दिल्या आहेत. जोडल्यावर शिरेतून धमनीच्या जोरानं रक्त वाहू लागतं, शीर करंगळीएवढी फुगते, आणि मग तिच्यात दोन जाड सुया घालून रक्त मशीनकडे नेता आणि परत आणता येतं. याला फिस्टुला म्हणतात. आक्का नुसतं 'माझा हात' म्हणते. त्या जागी बोट ठेवलं तर आत सतत एक बारीक थरथर लागते. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, रोज सकाळी चहाआधी ओट्यावरून विचारायचे, "मोटार चालू हाय का?" आक्का बोट ठेवून सांगायची, "चालू हाय." एवढं झालं की घरातला दिवस सुरू.

ती थरथर थांबली तर काय, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. उजव्या हाताच्या शिरा आधीच्या सलाइनच्या सुयांनी वाया गेलेल्या. डावा हात बंद पडला की मानेतून नळी घालायची, आणि मानेतल्या नळीतून कधी ताप शिरेल याचा नेम नाही. म्हणजे आक्काचं सगळं त्या मनगटावर चाललं होतं. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा नाही, इंजेक्शन नाही, कळशी नाही, घड्याळ नाही आणि बांगडी नाही. आक्का डॉक्टरांनी सांगितलेलं काटेकोर पाळते आणि देवानं सांगितलेलं सोयीनं. त्यामुळे तिचा उजवा हात हिरव्या बांगड्यांनी भरलेला आणि डावा रिकामा, पदराखाली. लग्नाकार्यात बायका विचारायच्या, "एकच हात?" ती म्हणायची, "दुसरा सरकारजमा हाय."

यंदा धाकटीच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी धाकटीची, पण आक्काला लेक नाही, त्यामुळे पोरगी निम्मी आक्काच्या घरात वाढली. मोठ्यांचे उंबरे तिला लागू नव्हते. पत्रिका माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात नवरा-नवरीची नावं मला शोधावी लागली. साखर कारखान्याचे आजी संचालक, माजी संचालक आणि होऊ घातलेले संचालक अशा तिघांच्या रांगा ओलांडल्यावर खाली ती होती, जरा लहान अक्षरांत. लग्न नेमकं कुणाचं आहे हा त्या पत्रिकेच्या दृष्टीनं दुय्यम प्रश्न होता.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात कासार वस्तीवर आला. आमच्याकडे नवरीला चुडा भरतात तेव्हा घरातल्या सगळ्या सवाष्णींचे हात भरले जातात. मी तिथं नव्हतो. हे मला नंतर आक्कानं सांगितलं आणि धाकटीनंही, आणि दोघींच्या सांगण्यात कोण आधी बोललं एवढाच फरक होता.

आक्कानं उजवा हात भरून घेतला आणि उठायला लागली. कासार म्हणाला, "मावशी, सवाष्णीचा एक हात भरून मी उठत न्हाई. आमच्यात चालत न्हाई."

"तुमच्यात ह्ये चालत न्हाई, डॉक्टरच्यात त्ये चालत न्हाई," आक्का म्हणाली. "मी आता जाऊ कुठं?"

तेव्हा धाकटी म्हणाली, "बाई, तुम्ही थोरल्या. मांडवात समद्यांच्या म्होरं उघडा हात घिऊन बसणार? लोक पोरीला नावं ठिवत्याल. चार दिसांचा तर सवाल हाय."

नवरी मुलगी आक्काकडे बघत होती. आक्कानं डावा हात पुढं केला.

चुड्यात सैल बांगडी भरणं हा कासाराच्या दृष्टीनं कामचुकारपणा असतो. त्यानं हात दाबून मापाला घेतला, साबणाचं पाणी लावलं, आणि हाडं गोळा करून एकेक हिरवी बांगडी चढवली. त्या जाऊन बरोबर टाक्यांच्या वर बसल्या. घट्ट, नीट, शोभेशा. सगळ्यांनी छान दिसतंय म्हटलं, आणि दिसतही होतं म्हणे.

पुढच्या डायलिसिसला शिरूरच्या सेंटरमधल्या मुलानं नेहमीसारखं तिच्या मनगटावर बोट ठेवलं, मग कान लावायचं यंत्र ठेवलं, मग पुन्हा बोट ठेवलं. "मावशी, थरथर एकदम कमी लागतीय," तो म्हणाला, आणि तेव्हा त्याचं लक्ष बांगड्यांकडे गेलं. तो रागावला नाही. त्यानं मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आणि दाजींना सांगितलं, बांगड्या काढा, आधी डॉपलर करून आणा, मग मशीन लावू.

दाजींनी मला फोन केला, मी दौंडहून चौफुल्यामार्गे निघालो. दाजींनी घरीही फोन केला असावा, कारण मी त्या सोनोग्राफी केंद्रावर पोचलो तेव्हा धाकटी शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवरून उतरत होती. लग्न चार दिवसांवर आलेलं, घरात आचारी, मंडपवाले, पाव्हण्यांचा राबता, आणि नवरीची आई शिरूरच्या पेठेत अनवाणी उभी. चप्पल घालायचं राहून गेलं होतं.

केंद्राच्या दारात संगमरवरी पाटी होती. कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या प्रमुख उपस्थितीत, कुणाच्या अध्यक्षतेखाली, हे सगळं त्यावर सोनेरी अक्षरांत होतं. आत तपासतं कोण, ते मात्र काचेवर चिकटवलेल्या कागदावरून कळत होतं. बाकावर पोटुशा पोरी आणि त्यांच्या सासवा बसलेल्या. गर्भातलं मूल मुलगा की मुलगी हे इथं सांगितलं जात नाही, अशी मोठी पाटी भिंतीवर, आणि तिच्या बरोब्बर खाली बसून दोन सासवा पोटाच्या आकारावरून तेच ठरवत होत्या. त्यातल्या एकीनं आक्काला विचारलं, "सुनंला आणलंय व्हय?"

"न्हाई, माझंच हाय," आक्का म्हणाली.

ती बाई मधूनमधून आक्काच्या पोटाकडे बघत राहिली.

आतून मदतनीस बाई आली, आक्काचा हात बघितला आणि म्हणाली, "ह्या काढाव्या लागतील. मशीन नेमकं तिथंच ठेवायचंय." आक्कानं ओढून बघितलं. हात सुजला होता, बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंतही येईना.

आता बांगड्या फोडणं एवढाच मार्ग उरला, असं वाटलं. पण चुड्याच्या बांगड्या, त्याही नवरा हयात असताना, त्याही लग्नघरातल्या थोरलीच्या. आमच्याकडे बांगडी चुकून फुटली तरी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. बाकावरच्या दोन्ही सासवा आता पोटं विसरून आमच्याकडे बघायला लागल्या. आक्का दाजींकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिनं कशालाही त्यांची परवानगी मागितलेली मला आठवत नाही, पण त्या दिवशी ती बघत होती.

दाजी उठून उभे राहिले. उंच माणूस, टोपी हातात.

"मी हितं जित्ता उभा हाय का न्हाई?" ते म्हणाले. "मग कुणाची भीती हाय? फोडा. पाव्हणं, बाहेरनं पक्कड आणा एखादी."

मी दाराकडे निघालो तेवढ्यात धाकटी म्हणाली, "थांबा मामा. म्या भरायला लावल्या, म्याच काढते." तिनं मदतनीस बाईला विचारलं, "त्ये पोटाला लावत्यात ती जेली हाय का?"

बाईनं बाटली आणून दिली. तपासणीआधी कातडीला लावतात ती निळसर, गार, बुळबुळीत जेली. धाकटी आक्कासमोर जमिनीवर बसली. तिनं आक्काच्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत जेली चोपडली, अंगठा तळव्यात दुमडला, आणि एकेक बांगडी फिरवत, थांबत, पुन्हा फिरवत खाली आणायला सुरुवात केली.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"खोटं बोलू नका."

"दुखतंय. काढ."

पस्तीस वर्षांत मी त्या दोघींना एवढं जवळ बसलेलं बघितलं नव्हतं. एकही बांगडी वाढली नाही. धाकटीनं त्या सगळ्या पदराच्या टोकात बांधल्या, हात पुसले, आणि मग भिंतीकडे तोंड करून रडली. "माझ्या हातनं झालं," एवढंच म्हणत होती. "बाईंचा हात गेला तर माझ्या हातनं गेला."

आतली खोली लहान होती, एकाच नातेवाइकाला परवानगी. दाजी म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही जावा. तुमच्या इषयातलं हाय." धाकटी बाहेर बाकावर बसली.

तपासणाऱ्या डॉक्टर बाई तिशीतल्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी साबणाच्या वडीएवढं एक यंत्र आक्काच्या दंडावर ठेवलं आणि हळूहळू मनगटाकडे आणलं. सगळी करामत त्या वडीत आहे. ती माणसाला ऐकू न येणारा आवाज आत सोडते, तो वाहत्या रक्तातल्या पेशींवर आपटून परत येतो, आणि रक्त ज्या वेगानं धावत असेल त्या मानानं परतलेला आवाज थोडा बदललेला असतो. मशीन तेवढा फरक मोजतं आणि आपल्याला ऐकू येईल असा करून वाजवतं. हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं होतं. पण फळ्याला नाडी नसते. पडद्याशेजारच्या स्पीकरमधून माझ्या बहिणीचं रक्त ऐकू यायला लागलं, तेव्हा मी नकळत खुर्चीवरून उठलो.

पडद्यावर काळ्या-पांढऱ्या धुक्यात लाल आणि निळे पट्टे हलत होते. आक्कानं मान वळवून बघितलं.

"निळं म्हंजी खराब रगात का?"

"नाही आजी," डॉक्टर म्हणाल्या. "यंत्राकडे येतंय ते लाल, यंत्रापासून लांब चाललंय ते निळं. रक्त तेच आहे. हे बघा, मी यंत्र उलटं तिरकं करते." लाल होतं ते निळं झालं.

"आमच्या गावच्या पुढाऱ्यांगत हाय मग," आक्का म्हणाली. "बघणारा कुठं बसलाय त्याच्यावर रंग."

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. मग यंत्र मनगटाजवळ आलं आणि त्यांचं हसणं थांबलं. वर दंडात जो आवाज भरदार, पुराच्या पाण्यासारखा होता, तो इथं एकदम चढला, बारीक आणि किरटा झाला. पडद्यावरचा रंगही फुटून कसाही विखुरला. त्यांनी तिथंच थांबून शिरेची रुंदी मोजली, वेग मोजला, थोडं वर जाऊन पुन्हा मोजलं. रुंदी आणि वेग कळला की मिनिटाला किती रक्त चाललंय ते निघतं. हिशोब सोपा आहे, माणूस आपला असला की अवघड जातो. आकडा हवा त्याच्या निम्म्याहूनही कमी होता.

"पण आवाज तर वाढलाय," आक्का म्हणाली.

मी म्हटलं, "आक्का, पाइपाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी कसं जोरात उडतं?"

"व्हय, आन् हौद भरत न्हाई," ती म्हणाली. "कळलं. अरुंद झालंय." मग डॉक्टरांना म्हणाली, "सुई न टोचता एवढं कळतंय, तर मला इतकी वर्सं टोचत कशाला व्हते?"

"टोचून रक्तात काय आहे ते कळतं. हे फक्त किती चाललंय आणि कुठं अडलंय तेवढं सांगतं."

"बांगड्यांनी अडलं?"

डॉक्टरांनी यंत्र परत मनगटावर ठेवलं. "नाही आजी. हे आजचं नाही, आठवड्याचंही नाही. शिरेची भिंत आतून जाड होत आलीय, याला महिने लागतात. जोडलेल्या जागेपाशी असं पुष्कळांना होतं. बांगड्यांनी थोडं वरून दाबलं असेल, त्या घालायलाच नको होत्या. पण बांगड्या नसत्या तरी हे होणारच होतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "फुगा घालून रुंद करता येतं. पुण्याला. पण आता लग्न उरकल्यावर बघू असं म्हणू नका. हे कुठल्याही दिवशी पूर्ण बंद होईल."

आक्का हात पुसत उठली. दाराशी आल्यावर तिनं माझी बाही धरली.

"धाकटीला सांगू नको."

"काय सांगू नको?"

"बांगड्यांनी झालं न्हाई म्हणून."

"आक्का, ती बाहेर रडतीय."

"रडू दे जरा," आक्का म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुष्टपणाही दिसेना. काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही, आणि मी बहिणीच्या शब्दाबाहेर जाणारा माणूस नाही. बाहेर येऊन मी फक्त एवढं सांगितलं की शीर अरुंद झालीय आणि उद्याच पुण्याला न्यायचं. हे खरंच होतं.

धाकटी लगेच म्हणाली, "लगीन म्होरं ढकलू."

"येडी का खुळी तू?" आक्का म्हणाली. "पत्रिकेवर निम्मा तालुका छापलाय. त्येला काय सांगणार? हळदीपतोर मी घरी यीन."

आणि ती आली. त्या दिवशी शिरूरला मशीन अगदी हळू चालवून कसंबसं डायलिसिस झालं, दुसऱ्या दिवशी पुण्यात शिरेत बारीक तार घालून फुगा फुगवला, आणि परतीच्या गाडीत दाजींनी दर थोड्या वेळानं मनगटावर बोट ठेवून "लागतंय, लागतंय" म्हणत आम्हाला न्हावऱ्यापर्यंत आणलं. हळदीच्या मांडवात आक्का बसली ती डावा हात उघडा ठेवून, आणि या वेळी पदराखालीही नाही. पाव्हण्यांतली एक बाई काही कुजबुजली. धाकटीनं ते ऐकलं आणि ताट हातात घेऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माझ्या जावंचा हात हाय," ती म्हणाली. "त्याच्यावर तिचा जीव चालतोय. तुमाला काय दिसतंय त्यात?" ती बाई नंतर जेवायलाही लांब बसली.

लग्न पत्रिकेप्रमाणे झालं. म्हणजे आधी सगळ्या संचालकांचे फेटे बांधून सत्कार झाले, मुहूर्त टळला, मग नवरा-नवरीचं लग्नही लावण्यात आलं.

पोरगी सासरी गेली आणि त्यानंतर वस्तीवर जे सुरू झालं ते मला दाजींकडून फोनवर कळायचं. धाकटी उजाडायच्या आत आक्काच्या घरात येते. उंबरा ओलांडून, न बोलावता. आधी बोट ठेवून हात बघते. मग शेण काढते, गाईची धार काढते, भाकरी करते. आक्काला कळशी उचलू देत नाही. आक्का खाटेवर बसून सांगते, मीठ जरा कमी, पीठ जरा मऊ भिजव. धाकटी तसं करते. "पाव्हणं," दाजी म्हणाले, "मला काय कळंना. दोघी दुपारी बसून हसत असत्यात. म्या आत गेलो की गप. पस्तीस वर्सं म्या दोन घरचं राजकारण सांभाळलं, आता कामच उरलं न्हाई."

मला ते गुपित टोचत होतं. खरं काय ते ठाऊक असून मी एका बाईला रोज दुसऱ्याच्या घरचं शेण काढू देत होतो. आक्काला फोनवर म्हटलं, की आता सांग. ती म्हणाली, "सांगते की." सांगितलं नाही.

महिन्याभरानं पुन्हा डॉपलर करायला सांगितलं होतं, फुगा टिकलाय का ते बघायला. त्या दिवशी मीही शिरूरला गेलो होतो, आणि धाकटीनं हट्टच धरला की या वेळी आत तीच जाणार. डॉक्टर बाईंना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी दोघींना आत घेतलं, आणि मी दारात उभा राहिलो, कारण थांबवायला काही कारण सापडेना.

यंत्र दंडावरून मनगटाकडे आलं. आवाज सगळीकडे एकसारखा, भरदार. अरुंद जागी तो जरा चढला, पण फाटला नाही. डॉक्टरांनी मोजलं, दोनदा मोजलं. "छान," त्या म्हणाल्या. "भरपूर आहे. चालेल हा हात."

धाकटीनं देवाला हात जोडले. "डॉक्टर," ती म्हणाली, "आता पुन्यांदा बांगडी घालू द्यायची न्हाई म्या. माझ्यामुळं झालं समदं."

"बांगड्या नकोतच," डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या. "पण तुमच्यामुळं काही झालं नव्हतं. ते आतून कित्येक महिन्यांपासून होत होतं. मागच्या वेळी मी आजींना सांगितलं होतं की."

डॉक्टरांच्या लक्षात आलं असावं, त्यांनी मशीनचा आवाज बंद केला.

"सांगितलं व्हतं?" धाकटीनं आक्काला विचारलं.

"व्हय."

"तवाच?"

"तवाच."

"म्हंजी महिनाभर म्या तुमचं शेण काढलं त्ये..."

"चांगलं काढलंस," आक्का म्हणाली.

धाकटी उठली आणि माझ्या अंगावरून बाहेर गेली. मला वाटलं, संपलं. आता पुढची तीस वर्षं अंगणसुद्धा बंद. आक्कानं जेली नीट पुसली, पदर सारखा केला, घाई केली नाही. बाहेर आली तर धाकटी बाकाच्या टोकाला बसलेली, तोंड रस्त्याकडे. आक्का तिच्याशेजारी बसली. मी भिंतीवरची पाटी वाचत उभा राहिलो. ती एकदा वाचून झाली होती, पुन्हा वाचली.

"रागावलीस?"

धाकटी आणखीच रस्त्याकडे वळली.

"रागाव. तुझा हक्कच हाय," आक्का म्हणाली. मग आवाज खाली आणून, "तू घरात यायला लागलीस. सकाळी उठलं की दार वाजायचं. म्या म्हटलं, हिला खरं कळलं की ही पुन्हा अंगणातनंच बोलंल. म्हणून न्हाई सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत ऱ्हायलं."

धाकटीनं पदराच्या टोकानं नाक पुसलं. एक पोटुशी पोरगी आत गेली, तिची सासू मागोमाग.

"बाई," धाकटी म्हणाली, "सांगून बघायचं व्हतं की एकदा."

आक्का मान हलवत राहिली. मग डायलिसिस सेंटरमधल्या मुलाचा फोन आला, मशीन मोकळं झालंय, आजींना आणा. धाकटी उठली, तिनं आक्काची पिशवी खांद्याला लावली, उजवा हात धरून तिला उभं केलं, आणि पेठेच्या गर्दीतून डाव्या बाजूला कुणाचा धक्का लागणार नाही अशी स्वतः त्या बाजूला झाली.

"चला," ती म्हणाली. "आन् आजपासनं भाकरी तुमची तुम्ही थापा. म्या बसून सांगीन मीठ किती त्ये."